जुन्या मोटारीचा गंज : रंगाआधी पत्रा पाहा

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरी हौसेने जपलेल्या गाड्या अजून दिसतात. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत त्यांचा पत्रा बहुधा आतून कुजतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच साचते. रंगाला फुगा येईपर्यंत गंज आरपार गेलेला असू शकतो. त्यावर थेट लांबी भरणे ही निव्वळ मलमपट्टी होय.

प्रथम छिद्रे मोकळी करावीत. फुगलेला भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासावा आणि त्याच दिवशी प्राइमर लावावा. उघडा पत्रा दमट हवेत रातोरात तांबूस होतो. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. नंतर लांबी, ४०० नंबरचा वॉटर पेपर आणि रंगाचे पातळ हात. हार्डनर मिसळायचा रंग मात्र घरी फवारू नये. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो व कापडी मास्क तेथे निरुपयोगी ठरतो.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. त्यामुळे तळ कुजला असल्यास वेल्डिंगला पर्याय नाही.