तांबे जोडणारी आग : फुंकणीपासून एसीच्या टॉर्चपर्यंत

एप्रिल उजाडला की गल्लीबोळांतून एसी मेकॅनिकांच्या दुचाकी धावू लागतात. मागे तांब्याच्या नळीचे वेटोळे, खांद्याला पान्यांची पिशवी आणि पायाजवळ ठेवलेला छोटा सिलिंडर. माझे काही जुने विद्यार्थी याच धंद्यात आहेत. उर्दू माध्यमातून दहावी, मग आयटीआय किंवा थेट एखाद्या उस्तादची शागिर्दी, असा त्यांचा प्रवास. अलीकडे घरचे काम घरीच करू पाहणारी हौशी मंडळीही वाढली आहेत. दोघांचा प्रश्न एकच असतो, एसीची कॉपर लाईन जोडायला टॉर्च कोणती घ्यावी?

दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. खोक्यावर जास्त डिग्री छापलेली असेल ती घ्या. मी भाषा शिकवतो, टॉर्च चालवत नाही. पण तांबे जोडणाऱ्या आगीचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की, या उत्तरात अर्धीच गोष्ट सांगितली जाते. ज्योत किती तापते यापेक्षा ती किती उष्णता नेमक्या कोणत्या जागी पोहोचवते, हा कारागिरांचा खरा प्रश्न राहिला आहे. प्रत्येक नव्या ज्योतीने एक अडचण सोडवली आणि सोबत एक नवा धोका आणला. टॉर्च निवडायची तर हा हिशेब माहीत असलेला बरा.

झाळ, डाख आणि टाकणखार

मराठीत धातू जोडण्याला झाळणे म्हणतात आणि जोडणाऱ्या धातूला डाख. आजचे तंत्रज्ञ मध्ये ४५० अंश सेल्सिअसची रेघ ओढतात. जोडणारा धातू त्याखाली वितळला तर सोल्डरिंग, त्याच्या वर वितळला तर ब्रेझिंग. दोन्हींत मूळ धातू वितळत नाही. मेकॅनिक सवयीने ‘वेल्डिंग’ म्हणतात, पण एसीच्या लाईनवर होते ते ब्रेझिंग. तांबे १,०८५ अंशांना वितळते आणि जोडणारी कांडी साधारण ६५० ते ८०० अंशांच्या दरम्यान. एवढ्याच जागेत कारागिराला काम उरकायचे असते. कमी पडले तर डाख धावत नाही, जास्त झाले तर नळीलाच भोक पडते.

ही कला आपल्याकडे एसीच्या खूप आधीपासून आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी वसवली. पत्र्याच्या कडा दात्यांसारख्या एकमेकींत अडकवायच्या, त्यावर पितळेचा चुरा आणि टाकणखार टाकायचा आणि सांधा कोळशाच्या भट्टीत तापवायचा, ही तांब्याचे मोठे भांडे जोडण्याची जुनी रीत. टाकणखार तापला की काचेसारखा पातळ होतो, तांब्यावर चढलेली काळी पुटे विरघळवतो आणि डाखाला वाट करून देतो.

या धंद्याचे शब्दही लक्षात घेण्यासारखे आहेत. टाकणखार संस्कृत टंकणावरून आला. त्याच पदार्थाचे युरोपीय नाव बोरॅक्स, ते अरबी ‘बौरक़’मधून गेले. नवसागर म्हणजे फारसी नौशादर. आणि कल्हई हा शब्द अरबी ‘क़लई’तून आला. मलाया द्वीपकल्पावरील कलह या बंदरातून येणाऱ्या कथलाला अरब व्यापाऱ्यांनी दिलेले हे नाव. वर्गात आपण मराठी आणि उर्दूचे दोन वेगळे तास घेतो. तांबटाच्या दुकानात या भाषा एकाच भांड्यावर नांदत होत्या.

१२०६ मध्ये दियारबकर इथे अल-जझरी याने यंत्रांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यातली पाण्याची घड्याळे आणि हात धुण्याची यंत्रे तांब्याचा पत्रा ठोकून, झाळून बनवलेल्या भांड्यांवर चालतात. राजदरबारासाठी लिहिलेल्या या ग्रंथात वस्तू घडवायची कशी हे एका कारागिराने सांगितले आहे, म्हणून तंत्रज्ञानाचे इतिहासकार त्याला मान देतात.

काम आगीकडे, की आग कामाकडे?

तांबटाच्या पद्धतीत एक मर्यादा होती. काम उचलून आगीकडे न्यावे लागे. भिंतीत बसलेली नळी भट्टीपर्यंत कशी नेणार? आग कामाकडे नेण्याचे पहिले साधन म्हणजे फुंकणी. इजिप्तमध्ये थिब्ज इथे रेखमिरे या वजिराचे थडगे आहे, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातले. त्याच्या भिंतीवर फुंकणीने विस्तव फुलवणारा धातूकारागीर चितारलेला आहे. आपल्या सोनारांच्या हाती ही फुंकणी अगदी अलीकडेपर्यंत होती. हवा एका टोकावर आणली की लहानशी ज्योतही सोने झाळू शकते. पण फुफ्फुसाचा दम मोजकाच असतो. अंगठी जोडता येते, घंगाळ नाही.

१८०१ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअर याने ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र जाळणारी फुंकणी बनवली. तिच्यापुढे प्लॅटिनमसुद्धा वितळले. परंतु हे वायू प्रयोगशाळेत तयार करावे लागत. कारखान्यातल्या कामगाराला त्याचा उपयोग नव्हता.

कामगाराच्या हाती आग दिली ती स्वीडनच्या कार्ल रिचर्ड नायबर्ग याने. १८८२ मध्ये स्टॉकहोममध्ये त्याने ब्लो लॅम्प बनवायला सुरुवात केली. टाकीत इंधन, तापलेल्या नळीत त्याची वाफ आणि बारीक छिद्रातून सुटणारी जोरदार ज्योत. हे तत्त्व मराठी घराला अनोळखी नाही. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्येच तयार झालेला प्रायमस स्टोव्ह याच रीतीने चालतो. आधी वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, छिद्र तुंबले तर पिन मारायची. दाबाखालच्या इंधनाचा भडका काय असतो, हेही आपल्याकडच्या स्वयंपाकघरांनी याच स्टोव्हमुळे पाहिले. कितीतरी बायका त्यात भाजल्या.

कार्बाईडची ज्योत

१८९२ मध्ये अमेरिकेत थॉमस विल्सन आणि फ्रान्समध्ये आंरी म्वासां यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाईड बनवता आले. त्यावर पाणी टाकले की ॲसिटिलीन निघतो. १८९५ मध्ये ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नोंदवले की, ऑक्सिजनसोबत जळताना या वायूची ज्योत हायड्रोजनच्या ज्योतीलाही मागे टाकते. ती ३,१०० अंशांच्या घरात जाते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने हवा द्रवरूप करण्याची पद्धत सिद्ध केली, त्यातून पुढे स्वस्त ऑक्सिजन मिळू लागला. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी दोन्ही वायूंची टॉर्च बनवली.

पण ॲसिटिलीन दाबला की स्वतःच फुटतो. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या स्फोटांत माणसे मेली. शेवटी सच्छिद्र पदार्थाने भरलेल्या सिलिंडरमध्ये ॲसिटोन ओतून त्यात हा वायू विरघळवण्याची युक्ती निघाली. आजही ॲसिटिलीनचा सिलिंडर उभाच ठेवतात, त्याचे हे कारण. १९१२ मध्ये स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांना अशाच सिलिंडरच्या चाचणीत स्फोट होऊन दृष्टी गमवावी लागली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. आणखी एक विसंगती अशी की, हा वायू तांबे जोडतो, पण त्याला शुद्ध तांब्याच्या नळीतून नेता येत नाही. दोघांच्या संयोगातून स्फोटक संयुग तयार होते.

१९१० च्या सुमारास अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग याने पेट्रोलमधून उडून जाणारा प्रोपेन वेगळा केला. तो थोड्या दाबाने द्रव होतो, साध्या डब्यात मावतो आणि ॲसिटिलीनसारखा आपोआप फुटत नाही. हातात मावणारी आजची टॉर्च या शोधाची लेक आहे.

थंडाव्यात तांबे कुठून आले?

विलिस कॅरिअर याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या छापखान्यासाठी पहिली वातानुकूलन यंत्रणा आखली. त्या काळी मोठ्या शीतयंत्रांत अमोनिया वापरत. ओलसर अमोनिया तांब्याला खातो, म्हणून नळ्या लोखंडी असत. पुढे तांब्याला न खाणारे वायू आले. १९२८ मध्ये थॉमस मिजली यांच्या चमूने शोधलेल्या फ्रिऑनने तर घरगुती यंत्रांची वाटच मोकळी केली. तांबे वाकते, गंजत नाही आणि उष्णता झटकन वाहून नेते.

हा शेवटचा गुणच टॉर्च धरणाऱ्याला छळतो. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता पसरवते. तुम्ही सांध्यावर ज्योत धरता आणि नळी ती उष्णता दोन्ही बाजूंना पळवून नेते. प्रोपेनची ज्योत हवेत जळतानाही १,९०० अंशांच्या वर जाते. तांब्याच्या वितळबिंदूपेक्षा कितीतरी जास्त. तरीही जाड नळीवर डाख धावत नाही, कारण ज्योत देते त्यापेक्षा नळी आणि वारा जास्त घेऊन जातात. खोक्यावरची डिग्री इथे कामी येत नाही. मिनिटाला किती वायू जळतो आणि तोंडी किती मोठी आहे, हे पाहावे लागते.

मग टॉर्च कोणती?

मेकॅनिक नळी सुतात मोजतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. दोन-तीन सुताची नळी, वारा नसलेली जागा आणि ज्योतीला भोवऱ्यासारखी फिरवणारी तोंडी असेल, तर साध्या प्रोपेनच्या डब्याने काम होते. चार सुताला मॅप नावाने मिळणाऱ्या पिवळ्या डब्याची टॉर्च बरी. मूळ मॅप वायूचे अमेरिकेतले उत्पादन २००८ मध्ये थांबले. आज त्या धाटणीच्या डब्यांत मुख्यतः प्रोपिलीन असतो. तोही प्रोपेनपेक्षा थोडा अधिक तापतो. पाच सुताची लाईन, उघड्या गच्चीवरचे आउटडोअर युनिट आणि रोजचा धंदा असेल तर एलपीजी आणि ऑक्सिजनचा छोटा संच लागतो. ॲसिटिलीनची ज्योत वर्कशॉपसाठी ठीक, घरात तिची गरज नाही. त्या ज्योतीखाली पातळ नळी क्षणात वितळते.

‘कमी ताकदीची टॉर्च म्हणजे सुरक्षित’ हाही गैरसमज आहे. सांधा दहा मिनिटे तापत राहिला की शेजारच्या व्हॉल्व्हमधले रबर आणि नळीवरचे इन्सुलेशन जळते. म्हणून व्हॉल्व्हला ओले फडके गुंडाळायचे, नळी गडद लाल होऊ द्यायची आणि कांडी ज्योतीने नव्हे तर नळीच्या उष्णतेने वितळवायची. तांब्याला तांबे जोडताना कांडीतला फॉस्फरस टाकणखाराचे काम करतो. एका बाजूला पितळ असेल तर फ्लक्स लावावाच लागतो, आणि लोखंडाला ही कांडी चालत नाही, सांधा ठिसूळ होतो.

घरगुती गॅसचा सिलिंडर टॉर्चला जोडू नये. स्वयंपाकाखेरीज त्याचा वापर कायद्यालाही मंजूर नाही. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावू नये, तिथे तेल आपोआप पेट घेते.

तरीही टॉर्च हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. तापलेल्या नळीच्या आत हवा असेल तर काळी पुटे धरतात. ती तेलासोबत वाहत जाऊन बारीक वाटा तुंबवतात आणि कॉम्प्रेसर खातात. ते टाळायला ब्रेझिंग करताना आतून हलका नायट्रोजन सोडावा लागतो. लाईनमधला गॅस आधी पूर्ण काढावा लागतो. जुन्या एसीतला आर-२२ ज्योतीत सापडला तर विषारी वायू बनतात. त्यात फॉस्जीनही असू शकतो, जो पहिल्या महायुद्धात माणसे मारायला वापरला गेला. नव्या एसीतला आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. काम झाल्यावर व्हॅक्यूम पंप चालवावा लागतो. ज्याच्याकडे गॅस काढण्याचे यंत्र, नायट्रोजन आणि पंप नाही, त्याने टॉर्च विकत घेऊन काही साधत नाही. घरच्या बहुतेक स्प्लिट एसीची लाईन पितळी फ्लेअर नटांनी बसते. तिथे आगीची गरजच नसते.

माझ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या उस्तादांनी यातले बरेच काही शिकवले आहे. ओले फडके गुंडाळ, सिलिंडर उभा ठेव, तेलाचा हात लावू नको. हात हे सगळे शिकतो, पण कारण सांगितले जात नाही आणि कारण माहीत नसेल तर घाईच्या दिवशी तीच गोष्ट आधी सोडून दिली जाते. मे महिन्यात दिवसाला आठ-दहा घरे करणाऱ्या पोराला घाई रोजच असते. सिलिंडर आडवा का ठेवायचा नाही, हे दालेन यांच्या डोळ्यांची गोष्ट ऐकलेला मुलगा विसरणार नाही. आयटीआयच्या वर्गात, मराठीत आणि उर्दूत, ही गोष्ट सांगायला अर्धा तास पुरेसा आहे.