रोहित्र आणि डीपी

रोहित्र ही व्यापक संज्ञा आहे. डीपी हे तिच्या एका प्रकाराचे, म्हणजे वितरण रोहित्राचे, बोलीतले नाव.

रोहित्र : प्रत्यावर्ती विजेचा दाब वाढवणारे किंवा कमी करणारे स्थिर साधन. लोखंडी गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार एकीतली वीज दुसरीत उतरते आणि वेढ्यांच्या प्रमाणात दाब बदलतो. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी व देरी यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे रोहित्र सिद्ध केले. वीजकेंद्रातील ४०० किलोव्होल्टचे अवजड यंत्र आणि दारावरच्या घंटीतला लहानसा संच, दोन्ही रोहित्रेच.

वितरण रोहित्र : ग्राहकाच्या आधीचा शेवटचा टप्पा. ११ किलोव्होल्टचा दाब ते ४३३ व्होल्टवर आणते. २५, ६३, १०० व २०० केव्हीए या त्याच्या नेहमीच्या क्षमता. १०० केव्हीएच्या रोहित्रात पूर्ण भाराला वरच्या तारांतून सुमारे ५, तर खालच्या तारांतून सुमारे १३३ अँपिअर प्रवाह वाहतो. शेतीपंपांचा भार क्षमतेपलीकडे गेला की गुंडाळी तापते आणि तिचे आवरण जळते. महाराष्ट्रात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन पंपांसाठी लहान रोहित्रे बसवली गेली, त्यामागे हेही एक कारण आहे.

डीपी : लाइनच्या कामात डीपी म्हणजे ‘डबल पोल’, दोन खांबांची उभारणी. वळणावर किंवा स्विचसाठी ती रोहित्राविनाही असते. मात्र नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) आणि आष्टी तालुक्याच्या संत्रापट्ट्यासारख्या शेतीच्या भागात ‘डीपी जळाली’ म्हटले की अर्थ एकच : रोहित्र गेले, ओलित थांबले.

रोहित्र आणि डीपी यांतला हा फरक तक्रार नोंदवताना महत्त्वाचा ठरतो. डीपीवर रोहित्राखेरीज डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज, एबी (एअर ब्रेक) स्विच आणि किटकॅट फ्यूजची पेटीही असते. डीओ लोंबतो आहे, तेल गळते आहे की एकच फेज गेला आहे, हे लांबूनच पाहून सांगावे. फ्यूज जागेवर बदलता येतो; जळालेले रोहित्र उतरवून दुसरे चढवावे लागते. दोन्ही कामे वायरमनचीच आहेत. डीपीवर इतर कोणीही चढू नये.