जिनिंग

‘जिनिंग’ म्हणजे कापसातली सरकी काढून रुई मोकळी करणे. मराठवाड्यात आणि विदर्भात हे काम जिथे चालते त्या कारखान्यालाही जिनिंगच म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या गोदावरीकाठच्या, काळ्या जमिनीच्या कापूसपट्ट्यात ‘कापूस जिनिंगला घातला’ याचा अर्थ बहुधा ‘कापूस विकला’ असाच घेतला जातो. कारण पुष्कळदा सरकी काढणारा कारखानदारच कापसाचा खरेदीदार असतो.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘इंजेनियुम’. त्याचा अर्थ जन्मजात बुद्धी, अंगची हुशारी. संस्कृतातला ‘जन्’ हा धातू आणि या लॅटिन शब्दातला ‘जेन’ हा अंश एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये ‘इंजेनियुम’चे ‘आंजँ’ झाले आणि अर्थ बुद्धीकडून बुद्धीच्या करामतीकडे सरकला : कौशल्य, डावपेच, मग युक्तीने केलेले साधन. इंग्रजीत तो ‘एंजिन’ म्हणून रुजला आणि आरंभीचे अक्षर गळून ‘जिन’ हे आखूड रूपही चालू झाले. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’ म्हणजे क्लृप्ती, सापळा, फास किंवा कोणतेही यंत्र. १६११च्या इंग्रजी बायबलात तो पाखरांच्या फाशासाठी आला आहे. मराठीतले ‘इंजिन’ आणि ‘इंजिनिअर’ हे याच कुळातले.

कापसाशी त्याची कायमची गाठ अमेरिकेत पडली. एली व्हिटनी याने १७९३ साली जॉर्जियात सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. त्याचे पेटंट १४ मार्च १७९४ रोजी मिळाले. फिरत्या रुळावरच्या तारेच्या दातांनी तंतू अरुंद फटींतून ओढले जात आणि फटीत न मावणारी सरकी मागे राही. पुढे तारेच्या दातांची जागा गोल करवतींनी घेतली. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तंतूंना घट्ट चिकटलेली असते. हाताने दिवसाला जेमतेम पौंडभर रुई निघे, यंत्राने पन्नास पौंड निघू लागली, असे सांगतात. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाची लागवड झपाट्याने वाढली आणि मळ्यांवरची गुलामगिरीही फोफावली. ‘कॉटन जिन’ हे नाव इतके गाजले की नुसते ‘जिन’ म्हटले तरी कापसाचे यंत्र समजू लागले.

सरकी काढण्याचे तंत्र मात्र भारतात फार जुने आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका रुळाने सरकी काढण्याचे साधन अभ्यासकांनी ओळखले आहे. पुढे दोन रूळ एकमेकांवर फिरवणारे हातयंत्र देशभर पसरले : रुळांच्या फटीतून तंतू पलीकडे जात आणि सरकी अलीकडे पडे. रुळाचे हेच तत्त्व अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थी याने १८४०च्या पेटंटात यांत्रिक केले. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक जिनिंगमध्ये याच वंशातले ‘डबल रोलर’ यंत्र चालते. चामड्याचे खरबरीत रूळ तंतू ओढून घेतात, रुळाला लागून बसवलेली स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलती सुरी ती झटकून पाडते. करवतीच्या यंत्रापेक्षा काम सावकाश होते, पण धागा कमी तुटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८६१–६५च्या अमेरिकन यादवी युद्धाने भारतीय कापसाला मागणी आल्यानंतर, वाफेवरचे कारखाने वऱ्हाड-खानदेशात उभे राहिले. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या परभणी भागाला मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाने विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या बाजाराशी जोडले. सेलू आणि मानवत ही जिल्ह्यातली कापसाची नावाजलेली ठिकाणे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि ‘जिनिंग-प्रेसिंग’ ही जोडी सहकारी संस्थांच्या नावांतून आणि सरकारी कागदांतून घट्ट बसली. प्रेसिंग म्हणजे रुई दाबून गाठी बांधणे. एक गाठ १७० किलोंची.

इंग्रजीत अशा कारखान्याला ‘जिनरी’ असाही शब्द आहे. तो मराठीत आला नाही. इथे ‘जिनिंग फॅक्टरी’ रूढ झाले, त्यातला दुसरा शब्द गळला आणि क्रियेचे नाव जागेचे नाव झाले. आता ‘जिनिंग सुरू झाली’ म्हणजे हंगाम उघडला, ‘जिनिंगवाला’ म्हणजे कारखानदार. व्यवहारात सोबतीला ‘उतारा’ हा मराठी शब्द चालतो : क्विंटलभर कापसातून किती रुई निघते ते प्रमाण, साधारण एक तृतीयांश. उरते ती मुख्यतः सरकी, जिचे तेल आणि पेंड होते.

सारख्या उच्चाराचे तीन शब्द या कुळातले नव्हेत. ‘जिन’ ही दारू जुनिपर या झुडपाच्या नावावरून डच भाषेमार्गे आली, ‘जीन्स’चे कापड जिनोआ या इटालियन बंदराच्या नावावरून, आणि घोड्याच्या पाठीवरचे ‘जीन’ फारसीतून.