रुक्मिणीमातेचे माहेर : श्रीक्षेत्र कौंडण्यपूर

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धामाईच्या काठी असलेले कौंडण्यपूर म्हणजे प्राचीन विदर्भाची राजधानी, भीष्मक राजाची नगरी व रुक्मिणीमातेचे माहेर, अशी परंपरा आहे. मातेची पालखी दरसाल आषाढीला येथून पायी पंढरपुरास जाते. संत सदाराम महाराजांनी ती इ.स. १५९४ मध्ये सुरू केल्याचे सांगतात. आज गाव लहानसे. परंतु डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९६२ ते १९६४ मध्ये तेथील टेकाडांचे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन व त्याहूनही जुन्या वस्तीच्या खुणा निघाल्या. आपण वऱ्हाडी लोक मात्र भिंती पोतारायला पांढरीची माती खुशाल खणून नेतो! आपल्या मंदिराचा पाया खणताना जुनी वीट, खापर वा नाणे लागल्यास फेकू नये. तहसील कचेरीत कळवावे, ही भाविकांस नम्र विनंती.