रिठ्याचं पाणी आणि कामाचे हात

चाकणचं नाव काढलं की जुन्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग. दुसरी, कांद्याचा बाजार. नव्या माणसाला आठवतात ते कारखाने. मी आज बोलणार आहे ते इथं राबणाऱ्या हातांविषयी आणि ते हात कशानं धुतले जातात त्याविषयी.

‘साबण’ हा शब्द मोठा प्रवासी. लॅटिनमध्ये तो ‘सापो’ आहे, अरबीत ‘साबून’. रिठा मात्र आपल्या मातीतला. गंमत अशी, की अठराव्या शतकात लिनियसनं वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली तेव्हा रिठ्याच्या कुळाला ‘सापिंडस’ म्हटलं. अर्थ, भारतीय साबण. आपण ज्याला साबण म्हणत नव्हतो, त्याला परक्यानं तो मान दिला!

आमच्या घरी दादीच्या फडताळात रिठ्यांची पुरचुंडी कायम असायची. रेशमी वस्त्र, लोकरी शाल रिठ्याच्या पाण्यात निघे. सोनारही दागिने त्यानंच उजळत. थंडीत हात उलले, की दादी साबणाची वडी दूर सारून तेच पाणी हातावर घालायची. कारण तिनं कधी सांगितलं नाही. ते कळायला साबणाचा इतिहास पाहावा लागतो.

प्राचीन सुमेरमधले लोक तेल आणि राख एकत्र करून जे मिश्रण बनवत, ते लोकर धुण्यासाठी. म्हणजे साबण आधी कापडासाठी जन्मला. पुढं १७९१ साली फ्रान्समध्ये निकोला लब्लां यानं मिठापासून सोडा बनवण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि साबण स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘सनलाइट’च्या पेट्या उतरल्या, तोही धुण्याचाच साबण. त्या काळात साबणात जनावराची चरबी असे. ती कुठल्या जनावराची, या शंकेनं हिंदूही बिचकत आणि मुसलमानही. १९१८ साली अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण आणला, तेव्हा दोघांचीही अडचण मिटली.

चरबी गेली, पण अल्कली राहिली. आपल्या कातडीचा सामू पाचाच्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. साबणाचा सामू नऊ-दहापर्यंत जातो. त्यामुळं मळाबरोबर कातडीचं स्वतःचं तेलही निघून जातं. धडधाकट कातडी काही तासांत सावरते. नाजूक कातडी सावरायच्या आतच पुन्हा पाणी, पुन्हा साबण! साबण पातळ केला म्हणून तो सौम्य होतो असंही नाही. घरी कॉस्टिक पोटॅश आणि तेलापासून केलेला पातळ साबणही अल्कधर्मीच असतो. रिठ्यात फेस होतो तो सॅपोनिनमुळं, आणि त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. दादीचा अनुभव इथं शास्त्राशी जुळतो.

आमच्या आळीतला एक तरुण सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मशीनवर आहे. दिवसभर हाताला कूलंट आणि ग्रीस. सुटी झाली की लाकडाचा भुसा आणि कपडे धुण्याची पावडर घेऊन हात खसाखसा घासायचे. शिवाय पाच वेळची वुजू. एकदा हात पुढं करून म्हणाला, “चाचा, आता साधं पाणीसुद्धा झोंबतंय.” बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. रोजगार हातांवर, आणि हातच असे!

मला तेव्हा अमेरिकेतली एक गोष्ट आठवली. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेचे हात जंतुनाशकानं सोलवटले. तिथले शल्यचिकित्सक हॉल्स्टेड यांनी तिला ‘सोस’ म्हटलं नाही. त्यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढं जगभर शस्त्रक्रियेत हातमोजे रूढ झाले आणि रुग्णांचे जीव वाचले. सुरुवात एका बाईच्या नाजूक कातडीपासून झाली होती.

त्या तरुणाला मी आधी डॉक्टरकडे पाठवलं. भेगा पडल्या असतील, खाज सुटत असेल, तर तोच पहिला उपाय. सोबत दादीची कृती सांगितली. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या. टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळून, निवल्यावर कुस्करून पातळ फडक्यानं गाळून घ्यायची. सुगंध घालायचा नाही. नाजूक कातडीला तोच पुष्कळदा बाधतो. लिंबूही नको. पाणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं, वास बदलला तर फेकून द्यायचं. डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, फार झोंबतं. ते सगळ्यांनाच मानवतं असं नाही, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. ग्रीस लागलं असेल तर आधी खोबरेल चोळून चिंधीनं पुसायचं, मग हे पाणी. शौचाहून आल्यावर किंवा आजाऱ्याची सेवा करताना मात्र साबणच हवा. तिथं रिठ्यावर विसंबू नये. आणि हात पुसून झाले की लगेच तेलाचं बोट फिरवायचं.

ही झाली घरातली गोष्ट. पण दिवसाचे आठ-दहा तास हात कारखान्यात असतात. तिथं नळापाशी भुश्याऐवजी सौम्य साबण आणि मशीनवर कामाला साजेसे हातमोजे हवेत. हत्यारांना तेल देण्याचा खर्च कुणी जास्तीचा मानत नाही. हातांचा खर्चही त्याच वहीत मांडायला काय हरकत आहे?