23 नोव्हेंबर : एका नोंदीसाठी 114 जीव



दसऱ्याला आपण वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, मूल, चांदा, कुठून कुठून गाड्या करून नागपूरला जातो. दीक्षाभूमीवर रांगेत उभे राहतो, पुस्तकं घेतो, रात्री परततो. येता-जाता सीताबर्डीत झिरो माईलजवळ एक स्मारक लागतं. गोवारी शहिदांचं. आपल्यातले किती जण तिथं उतरले? मी तरी बरीच वर्षं उतरलो नाही. खिडकीतून पाह्यलं आणि पुढं गेलो. ‘हे आपलं नाही’ असं मनात होतं. हा लेख त्या ‘आपलं नाही’च्या विरोधात आहे.

मी धानाच्या गिरणीत काम करतो. पोती उचलायला माझ्या जोडीला एक गोवारी गडी आहे, वयानं माझ्यापेक्षा बराच मोठा. एकदा डबा खाताना अधिवेशनाचा विषय निघाला. मी जोरात म्हटलं, विधानभवनावर मोर्चा नेला पाहिजे. तो म्हणाला, “माही मोठी माय गेली होती गा मोर्च्याले, चौऱ्यान्नवमंदी. वापस आली. पन मंग तिनं नागपूरचं नाव नाही घेतलं.” एवढंच बोलून त्यानं डबा बंद केला. 1994 ला मी जन्मलोही नव्हतो. त्या दिवसापासून मिळेल ते वाचत गेलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं मांडतो.

23 नोव्हेंबर 1994, बुधवार. नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. विदर्भाच्या गावागावांतून गोवारी समाज मोर्चानं आला होता. हे लोक म्हणजे गावाची ढोरं राखणारे गायकी. दुसऱ्याच्या गाई रानात न्यायच्या, सांजेला मोजून परत आणायच्या आणि वर्षाचं ठरलेलं धान घ्यायचं. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असतं, तेव्हा ढाल घेऊन नाचणारे हेच. एरवी गावाला त्यांची आठवण नसते. बायका होत्या, कडेवर लेकरं होती. घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार? मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवला गेला. तिथून विधानभवन हाकेच्या अंतरावर आहे. मागणी काय, तर कुणीतरी मंत्र्यानं बाहेर येऊन निवेदन घ्यावं, आणि आमच्या जमातीच्या दाखल्याचं काय ते सांगावं. दिवसभर लोक थांबले. संध्याकाळ झाली. सांगणारे सांगतात की लाल दिव्याची गाडी दिसली, मंत्री आले असं वाटून लोक पुढं सरकले. पोलिसांच्या लाठ्या चालल्या. मागं जायला वाट नव्हती. चेंगराचेंगरी झाली. 114 माणसं मेली. त्यात बायका आणि लेकरंच जास्त. जखमी शेकडो.

सभागृहात त्या दिवशी कोणती विधेयकं होती, कोण काय बोललं, ते सरकारी छापील कामकाजात असेल. पण माझ्या मते त्या दिवसाचं खरं कामकाज रस्त्यावर झालं. आतल्या माणसानं बाहेर यायचं होतं. तो आला नाही.

आता ही माणसं मागत काय होती ते नीट पाहू, कारण आपल्यातलेसुद्धा म्हणतात, “त्यांना फुकटात आदिवासी व्हायचं होतं.” गोष्ट एवढी सोपी नाही, आणि ती आपल्याच जंगलातून सुरू होते.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चांद्यात बाबासाहेबांनी आपल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर पंधराच दिवसांत, 29 ऑक्टोबर 1956 ला, राष्ट्रपतींच्या सहीनं अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या बदलणारा आदेश निघाला. विदर्भाच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली पुष्कळ नावं लिहिली गेली. माडिया, कोया, माना अशा नावांच्या रांगेत एक नाव आलं : ‘गोंड गोवारी’. मध्ये स्वल्पविराम नाही.

आणि ही यादी सगळ्या विदर्भालाही लागू नव्हती. मेळघाट, यवतमाळ, वणी, केळापूर आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या गडचिरोली आणि सिरोंचा, एवढ्याच तहसिलींना लागू. म्हणजे वैनगंगेच्या त्या काठावरचा गोंड आदिवासी, आणि ह्या काठावरचा त्याचाच सोयरा यादीबाहेर! नदी ओलांडली की माणसाची जमात बदलत होती. देव तेच, बोली तीच, भूक तीच. पण कागद वेगळा. 1976 च्या कायद्यानं तहसिलीची अट काढली. 27 जुलै 1977 पासून तो अंमलात आला. तेव्हापासून हे नाव राज्यभर लागू झालं. आजच्या यादीत ती 18 वी नोंद आहे. गडचिरोली जिल्हा तर त्यानंतर, 26 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला.

मग प्रश्न उभा राहिला : ‘गोंड गोवारी’ म्हणजे कोण? गोवारी म्हणाले, आम्हीच. दुसरी बाजू म्हणाली, नाही, गोंड आणि गोवारी यांच्या सोयरिकीतून झालेली ती एक निराळी, लहान जमात आहे. 1916 साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातही गोवारींच्या पोटशाखा सांगताना गाय गोवारी वेगळे आणि गोंड गोवारी वेगळे दाखवले आहेत. म्हणजे भांडण पोकळ नव्हतं. दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती.

अशा वेळी राज्य सरकारनं काय केलं? 24 एप्रिल 1985 ला एक शासन निर्णय काढला. यादीतल्या काही नावांचा अर्थ सरकारनं त्यात आपल्या शब्दांत लिहिला. गोंड गोवारी कोण ते लिहिलं, आणि नुसता गोवारी त्यात बसत नाही असं ठरलं. मानांबद्दलही असंच लिहिलं. त्यापूर्वी आम्हाला दाखले मिळत होते, ते ह्या कागदानं बंद झाले, असं गोवारी कार्यकर्ते सांगतात. शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे. त्याच्यावर सभागृहात हात वर होत नाहीत. मंत्रालयातल्या टेबलावर तो निघतो आणि तहसीलदाराच्या टेबलावर येऊन बसतो. एटापल्लीचा किंवा चिमूरचा माणूस त्याच्याशी कुठं भांडणार?

आता मुद्द्याचं बोलतो. ही यादी बदलायची लेखणी कुणाच्या हातात आहे? विधानसभेच्या नाही. मुख्यमंत्र्यांच्या नाही. घटनेच्या 342 व्या कलमाप्रमाणं पहिली यादी राष्ट्रपतींची, आणि त्यानंतर नाव घालायचं किंवा काढायचं ते फक्त संसदेनं, कायदा करून. 17 सप्टेंबर 1949 ला घटना समितीत ही तरतूद मांडली ती खुद्द बाबासाहेबांनी. कारणही त्यांनी सांगितलं : ह्या याद्यांशी राजकारणाला खेळता येऊ नये. राज्यातल्या कुण्या सत्ताधाऱ्याला मतांसाठी आज एक नाव घुसवता येऊ नये, उद्या रागानं दुसरं पुसता येऊ नये. कुलूप बाबासाहेबांनी लावलं आणि ते बरोबर लावलं.

मग सरकार म्हणतं, बघा, आमच्या हातात काही नाही, सगळं दिल्लीच्या हातात. हे अर्धं खरं आहे. नाव घालायचा अधिकार राज्याला नाही, तर नावाचा अर्थ आवळायचा अधिकार 1985 ला कुठून आला? द्यायची वेळ आली की हात बांधलेले, आणि काढून घ्यायच्या वेळी मोकळे! गोवारींची मागणी शंभर टक्के बरोबर होती की नव्हती हा वाद बाजूला ठेवा. ज्या कागदानं त्यांचे दाखले अडवले तो राज्याचा होता. म्हणून त्याचा जाब विधानभवनाच्या दारातच विचारायचा होता. लोक चुकीच्या दारी गेले नव्हते.

आणि समजा मागणी मान्य होण्यासारखी नव्हती. तरी एका मंत्र्याला येऊन बोलता येत होतं : “बायांनो, बाप्यांनो, यादी संसद बदलते, आम्ही शिफारस करू शकतो किंवा करणार नाही, 1985 च्या कागदाचा फेरविचार करू किंवा करणार नाही.” नकार का होईना, तोंडावर द्या. खरं उत्तर द्यायला पैसा लागत नाही.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. 27 जुलै 1978 ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं मेली. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. सोळा वर्षं. सभागृहात मिळालेला शब्द रस्त्यावर उतरायला किती रक्त घेतो हे आपण पाह्यलंय. त्याच 1994 सालाच्या नोव्हेंबरात गोवारी मेले. जानेवारीत आपण गुलाल उधळला असेल. नोव्हेंबरात आपल्यातले किती रडले?

पुढं काय झालं? आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला. त्यानं कुणालाच दोषी धरलं नाही. 114 माणसं मेली आणि कुणीच मारली नाहीत. गोवारी, कोष्टी, कोळी अशा समाजांसाठी विशेष मागास प्रवर्ग करून 2 टक्के जागा दिल्या. स्मारक झालं, उड्डाणपुलाला शहिदांचं नाव दिलं. पुलाखालून मोर्चे अजून जातात.

कोर्टाची गोष्टही ऐका. त्याच 18 व्या नोंदीतल्या मानांना सुप्रीम कोर्टानं 2006 साली स्वतंत्र जमात म्हणून मान्य केलं. त्यांच्याबाबत सरकारचा अर्थ टिकला नाही. गोवारींना हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 14 ऑगस्ट 2018 ला न्याय दिला : गोंड गोवारी नावाची वेगळी जमात 1911 पूर्वीच संपली होती, तेव्हा 1956 च्या यादीतलं नाव गोवारींचंच. गावोगाव पेढे वाटले गेले असतील. राज्य सरकार वर गेलं. 18 डिसेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे, यादीत जे लिहिलं तसंच वाचायचं, कोर्टालाही त्यात भर घालता येत नाही. मधल्या दोन वर्षांत ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांना तेवढं संरक्षण दिलं. सव्वीस वर्षांनी माणसं पुन्हा टी-पॉइंटलाच आली.

काही आदिवासी मित्र मला म्हणतील, तू गोवारींची वकिली करतोस, मग आमच्या 7 टक्क्यांत वाटेकरी कशाला आणतोस? त्यांची भीती खोटी नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा खाणारे ह्या राज्यात आहेत, आणि त्याचा फटका माडियाच्या, गोंडाच्या पोराला बसतो. मी कुणाचं ताट ओढा असं म्हणत नाही. गोवारी यादीत असावेत की नसावेत हे संसदेनं पुराव्यावर ठरवावं. मी विचारतो ते एवढंच : विचारायला आलेल्या माणसाला मरण का मिळालं? आणि उपाशी दोघांना एकाच भाकरीवर भांडायला लावून भाकरी वाटणारा नामानिराळा कसा राहतो?

यादीतला एक शब्द काय असतो हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? 1950 च्या आदेशात धर्माची अट होती. 1956 ला आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. महाराष्ट्रानं राज्यापुरत्या दिल्या, पण केंद्राच्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द यायला 1990 साल उजाडलं. चौतीस वर्षं. एका पिढीची नोकरी, शिक्षण, उमेद त्या एका शब्दावाचून गेली. आपल्याही घरात असे बाप आहेत. म्हणून म्हणतो, ते स्मारक आपलंही आहे.

कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगतो. मोर्चा काढण्याआधी नोंद वाचा, शासन निर्णय वाचा, लेखणी कुणाच्या हातात आहे ते शोधा. राज्याचा कागद राज्याला विचारा, यादीचा शब्द संसदेला. हे आपल्याला माहीत असलं की कुणी ‘आमच्या हातात नाही’ म्हणून पळू शकत नाही. दुसरं, बायका-लेकरं घेऊन जाल तर परतीची वाट आधी पाहून ठेवा. ही शिकवण 114 जीव देऊन मिळालेली आहे, ती वाया घालवू नका.

यंदा दसऱ्याला मी झिरो माईलला उतरणार आहे. गिरणीतल्या त्या गड्याला विचारलं, येतोस का? बराच वेळ गप्प राह्यला. मग म्हणाला, “मोठ्या मायले इचारतो.”

जयभीम.