अंगणात फरशी कोणती घालावी? शहाबादी, जांभा की पेव्हर ब्लॉक?

घर बांधून होतं, रंग होतो, गेट बसतं आणि मग लक्षात येतं की अंगण राहिलंच. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि वास्तुशांतीची तारीख तोंडावर असते. मिस्त्री म्हणतो, "हॉलच्या टाइल्स उरल्यात, त्याच टाकून देऊ." आपणही हो म्हणतो. मग पहिल्या पावसात त्याच चकचकीत टाइलवरून घरातलं एखादं वयस्कर माणूस घसरतं.

अंगणाची फरशी घराला शोभावी असं सगळ्यांनाच वाटतं. ती शोभते कशामुळे, हे जुन्या घरांकडे बघून चटकन कळतं. कोकणात आणि गोव्यात घराच्या भिंती, पायऱ्या, गडगा, तुळशीवृंदावन, अगदी वाडीतली पाखाडीसुद्धा जांभ्या दगडाची. घाटावर वाड्याचं जोतं काळ्या पाषाणाचं आणि चौकातली फरसबंदीही त्याचीच. दगड जवळ मिळायचा तोच वापरायचे, त्यामुळे मेळ आपोआप जमायचा. आज राजस्थानचा कोटा ट्रकमधून रत्नागिरीत येतो, म्हणून हा मेळ मुद्दाम जमवावा लागतो. त्यासाठी जोत्याला, पायरीला किंवा कंपाउंडला जो दगड आहे तोच, नाहीतर त्याच्या जवळच्या रंगाचा दगड जमिनीवर घ्या. तीन-चार प्रकार एकत्र केले की अंगण फरशीच्या दुकानासारखं दिसायला लागतं!

जांभा

फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अभ्यासकाने 1807 मध्ये या दगडाला 'लॅटराइट' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. लाल रंग त्यातल्या लोहामुळे येतो.

कौलारू घरासमोर जांभ्याइतकं काहीच शोभत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण तो सच्छिद्र असतो, पाणी धरतो आणि सावलीत असला तर पावसाळ्यात त्यावर शेवाळ येतं. त्यामुळे जमिनीसाठी निवडून घट्ट, कमी भोकांचा चिरा घ्यावा आणि पावसाळ्यात अधूनमधून काथ्याच्या ब्रशने घासावा. हल्ली जांभ्याच्या पातळ कापलेल्या टाइल्स मिळतात. त्या भिंतीला ठीक आहेत, पण गाडीच्या चाकाखाली तडकू शकतात.

शहाबादी, कडप्पा, कोटा

हे तिन्ही मुळात चुनखडक. शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, कडप्पा आंध्रात आणि कोटा राजस्थानात. शहाबादी जमिनीतच थराथरांत असते, म्हणून तिच्या लाद्या सहज निघतात आणि इतर दगडांच्या मानाने ती स्वस्त पडते. न घासलेली, खरखरीत शहाबादी पायाला पकड देते. तिचा राखाडी रंग साध्या बंगल्यालाही चालतो आणि जुन्या वाड्यालाही. वर्षानुवर्षं ओल राहिली तर मात्र तिचे पापुद्रे सुटतात.

चुनखडकावर ॲसिड कधीही टाकू नये. बाथरूम धुवायचं ॲसिड अंगणात ओतलं की फेस येतो. तो फेस म्हणजे मळ निघतोय असं वाटतं, प्रत्यक्षात दगडच झिजत असतो.

पॉलिश केलेला कडप्पा ओट्यासाठी उत्तम, अंगणासाठी नाही. काळा असल्याने एप्रिलच्या दुपारी पाय भाजतात आणि पावसात तो घसरतो. नव्या पद्धतीच्या, काच आणि काँक्रीटच्या घराला गडद दगड हवाच असेल तर फ्लेम फिनिशचा ग्रॅनाइट बघा. त्याचा पृष्ठभाग ज्योतीने तापवून मुद्दाम खरखरीत केलेला असतो. उन्हात तोही तापतो, पण निदान घसरत नाही.

पेव्हर ब्लॉक

पेव्हर ब्लॉकची बदनामी बहुतेक वेळा खालच्या कामामुळे होते. खाली दाबलेला खडी-मुरूम, त्यावर इंचभर वाळू, वर ब्लॉक, फटींत बारीक वाळू आणि चारही बाजूंनी पक्की काँक्रीटची कड, अशी ही रचना असते. कड नसली की ब्लॉक बाहेर सरकतात आणि मधला भाग खचतो. आयएस 15658 या भारतीय मानकानुसार फक्त चालायच्या जागेला 50 मिमी जाडीचा एम-30 ब्लॉक पुरतो, गाडी येणार असेल तर 60 मिमीचा एम-35 लागतो. रंगीत ब्लॉकमध्ये अनेकदा रंग फक्त वरच्या थरात असतो, तो झिजतो आणि उडतो. साधा करडा ब्लॉक जास्त दिवस बरा दिसतो.

बजेट अगदीच कमी असेल तर सिमेंटचा कोबा करा आणि ओला असतानाच त्यावर झाडू फिरवून घ्या. खरखरीतपणा फुकट मिळतो.

पाणी जाणार कुठे?

फरशी निवडताना सगळ्यात कमी विचार याच गोष्टीचा होतो. 500 चौरस फुटांच्या अंगणावर 100 मिमी पाऊस पडला की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी जमा होतं. सिमेंटने सांधे भरून सगळं अंगण बंद केलं तर त्यातलं जवळपास सगळं पाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारात जातं आणि आपली विहीर, बोअर कोरडी राहते. म्हणून चालायच्या आणि गाडीच्या पट्ट्यापुरतीच फरशी घाला. बाकी जागेत माती, गवत किंवा खडी राहू द्या. झाडाच्या बुंध्याभोवती निदान तीन फूट मोकळी जागा हवीच. फरशीला घरापासून बाहेरच्या दिशेने दहा फुटांना दोन इंच उतार द्या.

जुन्या फरशीवरच नवी फरशी टाकायचा सल्ला कुणी दिला तर आधी जोत्याची उंची मोजा. प्रत्येक थराबरोबर अंगण दोन-तीन इंच वर येतं आणि एका पावसाळ्यात उंबऱ्यावरून पाणी आत शिरतं. उकरायचे पैसे वाचवून पुढे घरातलं फर्निचर बदलावं लागतं.

दुकानात जाताना पाण्याची बाटली न्या. नमुन्याची लादी जमिनीवर ठेवायला सांगा, तिच्यावर पाणी ओता आणि अनवाणी पाय ठेवून बघा. मग तीच लादी तासभर उन्हात ठेवून पुन्हा पाय ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या.